दुर्बीण तपासणीची अर्धी तयारी घरीच होते

“मावशी, सकाळपासून काय खाल्लंय?”

“काही नाही बघ सिस्टर. उपाशीच आलेय.”

“चहा?”

“चहा तेवढा घेतला की. दुधाचा.”

सोलापुरातल्या एका खासगी दवाखान्यात एंडोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बीण तपासणीच्या खोलीत मी 19 वर्षं काम करते. आमच्या दारात हे बोलणं आठवड्यातून दोनदा तरी होतंच. मग मावशींची तपासणी पुढे ढकलावी लागते. त्या मोहोळवरून पहाटेच्या एसटीनं आलेल्या असतात, सोबत आलेल्या मुलाचा दिवसाचा रोजगार बुडालेला असतो. चूक त्यांची नसते. ‘उपाशी’ म्हणजे नेमकं काय, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं. म्हणून हे सगळं लिहायला घेतलं.

आमच्या घरीही हेच झालं होतं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, यंत्रमागावर कामाला होते. शौचाला रक्त पडायचं. मूळव्याध असेल म्हणून दोन वर्षं अंगावर काढलं, कुणी दिलेली मुळी उगाळून प्यायले. शेवटी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी ठरली. तेव्हा मी जनरल वॉर्डात नोकरीला होते. दुर्बिणीच्या खोलीत पाऊलही टाकलं नव्हतं. हातात एक छापील कागद दिला, सगळा इंग्रजीत. त्यावर ‘लो रेसिड्यू डाएट’ असं लिहिलेलं. मी शिकलेली नर्स, पण त्या तीन शब्दांचा आमच्या ताटातल्या भाकरीशी काय संबंध, हे मलाही उमगलं नाही. आईनं हलकं म्हणून दूधभाकरी दिली आणि तोंडाला चव यावी म्हणून बाजूला शेंगा चटणी वाढली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दहा मिनिटांत नळी बाहेर काढली. “काही दिसत नाही. पुन्हा या.” आठ दिवसांनी नीट तयारी करून गेलो, तेव्हा मोठ्या आतड्यात दीड सेंटिमीटरची गाठ सापडली, देठावर लोंबणारी. तिथल्या तिथे कापून काढली. तपासणीत ती अ‍ॅडिनोमा निघाली, म्हणजे अजून कॅन्सर नव्हे, पण वेळ गेला असता तर त्या वाटेला लागली असती. आदल्या खेपेला त्याच जागी शेंगदाण्याचा चुरा आणि मळ चिकटला होता.

दुर्बीण कितीही महागाची असो, समोर मळ असेल तर तिला मळच दिसतो. तो काढायचं काम आमच्या खोलीत होत नाही, तुमच्या घरी होतं.

आधी चिठ्ठीवर काय लिहिलंय ते बघा

‘दुर्बीण सांगितलीय’ एवढं म्हणून भागत नाही. वरून आणि खालून अशा दोन वेगळ्या तपासण्या आहेत आणि दोन्हींची तयारी वेगळी. चिठ्ठीवर ओजीडी, गॅस्ट्रोस्कोपी किंवा अप्पर जीआय लिहिलं असेल तर तोंडातून. अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात एवढं बघतात. नळी साधारण 9 ते 10 मिलिमीटर जाडीची, म्हणजे आपल्या करंगळीहून बारीक. कोलोनोस्कोपी म्हणजे गुदद्वारातून पूर्ण मोठं आतडं. ती नळी थोडी जाड, 12-13 मिलिमीटरची, आणि दीड मीटरच्या आसपास लांब. दोन्ही नळ्यांच्या टोकाला कॅमेऱ्याची चिप, दिवा, पाणी मारायचं भोक आणि आतून चिमटा घालायची एक वाट असते.

लोक विचारतात, एवढी वाकणारी नळी आतून उजेड कसा नेते? त्यामागे काचेचे केसासारखे तंतू आहेत. 1954 साली लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं. पुढे 1957 मध्ये अमेरिकेत बॅसिल हर्शोविट्झ यांनी तशी वाकणारी दुर्बीण रुग्णाच्या पोटात घालायच्या आधी स्वतःच्या घशातून घालून बघितली. फार घाबरलेला पेशंट असला की मी त्याला हे सांगते. डॉक्टरनं आधी स्वतः गिळली होती म्हटल्यावर माणूस जरा सैल होतो.

तोंडातून दुर्बीण असेल तर

सकाळची तपासणी असेल तर रात्री आठ-नऊपर्यंत हलकं जेवा आणि नंतर काही खाऊ नका. जठरातलं अन्न पुढे सरकायला 6 ते 8 तास लागतात. साधं पाणी घोट-घोट चालतं, तेही तपासणीच्या 2 तास आधीपर्यंत. तुमच्या डॉक्टरांनी याहून कडक सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

आता ‘उपाशी’चा अर्थ. उपाशी म्हणजे उपवास नव्हे. एकादशीला एक आजी साबुदाण्याची खिचडी खाऊन आल्या. विचारल्यावर म्हणाल्या, “उपासच आहे माझा आज.” त्यांच्या दृष्टीनं त्या खोटं बोलत नव्हत्या. पण साबुदाणा, शेंगदाणे, केळं, राजगिऱ्याचा लाडू, दुधाचा चहा हे सगळं जठरात अन्नच असतं. झोपेचं इंजेक्शन दिल्यावर हे अन्न वर येऊन श्वासनलिकेत गेलं तर जिवावर बेततं. म्हणून आम्ही हटून बसतो. तपासणी पुढे ढकलली म्हणून रागावू नका.

मिश्रीसुद्धा नको. आमच्याकडे पूर्व भागातल्या कित्येक बायका पहाटे उठल्या की आधी मिश्री लावतात, त्याशिवाय त्यांना शौचाला होत नाही. त्या दिवशी साध्या टूथपेस्टनं दात घासून चूळ भरा. तंबाखू, मावा, गुटखा तर बिलकूल नाही.

माव्याची अजून एक गोष्ट घरीच तपासून या. आपल्या हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का बघा. जात असतील तर तोंड पुरेसं उघडतं. एक किंवा दीडच बोट जात असेल तर फोनवर आधीच सांगा. वर्षानुवर्षं मावा-गुटखा खाऊन गालाची आतली कातडी आखडते. मग नळी चावली जाऊ नये म्हणून दातांत धरायची प्लास्टिकची कडी तोंडात बसतच नाही. माझ्यासमोर 24 वर्षांचा एक मुलगा आला होता, ऑटो चालवणारा. त्याच्या तोंडात माझं एक बोट जेमतेम जायचं. अशांसाठी नाकातून घालायची 5-6 मिलिमीटरची बारीक दुर्बीण असते, पण ती सगळीकडे नसते. आधी कळलं तर सोय करता येते.

हलणारा दात, तोंडातली कवळी, कसलीही अ‍ॅलर्जी, दमा, फिट्स, गरोदरपण हे सगळं आल्या-आल्या सांगा.

आता गोळ्या. रक्तदाबाची गोळी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन रिकाम्या पोटी घेतलं तर साखर खाली येऊन चक्कर येते, त्यामुळे त्याचं काय करायचं ते आधी विचारून घ्या आणि पहिलाच नंबर मागून घ्या. साखरेच्या पेशंटला आम्ही सकाळचा पहिला नंबर देतो.

रक्त पातळ करणारी गोळी मात्र मनानं बंद करू नका. हृदयात स्टेंट बसवलेला माणूस शेजाऱ्याच्या सांगण्यावरून गोळी बंद करून येतो, ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. नुसतं बघायचं असेल, एखादा तुकडा काढायचा असेल, तर बहुतेक वेळा गोळी बंद करायची गरजही नसते. गाठ कापायची असेल तर हृदयाचे डॉक्टर आणि दुर्बिणीचे डॉक्टर एकमेकांशी बोलून ठरवतात. तुमचं काम एवढंच की गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून आणायची. ‘पांढरी लहान गोळी’ असं सांगितल्यानं आम्हाला काही कळत नाही.

अ‍ॅसिडिटीच्या गोळीबद्दलही विचारा. जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू आहे का हे बघायचं असेल तर ती गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधी थांबवावी लागते, नाहीतर जंतू असूनही सापडत नाही. अल्सर हा काळजी करून आणि तिखट खाऊन होतो असं सगळे धरून चालायचे. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागे हा जंतू असतो हे दाखवून दिलं, त्यासाठी त्यांना 2005 चं नोबेल मिळालं. आमच्या खोलीत ही तपासणी फार सोपी दिसते. जठराच्या आवरणाचा तिळाएवढा तुकडा चिमट्यानं काढून पिवळ्या जेलच्या छोट्या डबीत ठेवायचा. जंतू असेल तर पिवळा रंग गुलाबी होत जातो, कधी पाच मिनिटांत, कधी तासाभरानं. कित्येक पेशंट ती डबी हातात घेऊन बसतात आणि रंग बदलला की मला हाक मारतात.

खोलीत आल्यावर घशात फवारा मारतो. कडू लागतो, घसा जाड वाटतो, थुंकी गिळता येत नाहीसं वाटतं. ते औषधानं होतं, श्वास चालूच असतो. डाव्या कुशीवर झोपायचं, हनुवटी छातीकडे. लाळ गिळायची नाही, गालाच्या कोपऱ्यातून खाली कापडावर सोडून द्यायची. उचकी, ढेकर आले तर येऊ द्यात. आणि सगळ्यात महत्त्वाचं: नाकानं श्वास. हे वाक्य मी तीन भाषांत शिकलेय. मराठीत “नाकानं श्वास घ्या”, अक्कलकोटकडच्या लोकांना कानडीत “उसिरु तगोळ्ळि”, आणि पद्मशाली आजींना तेलुगूत “ऊपिरि तीसुकोंडी”. आपल्या भाषेत कुणी सांगितलं की बाईची मूठ सुटते, मी ती हातानं अनुभवलीय. नुसती बघायची तपासणी पाच-दहा मिनिटांत होते.

तुकडा काढताना दुखत नाही. जठराच्या आतल्या आवरणाला कापल्याची जाणीवच नसते. ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ असं घाबरून कुणी नाही म्हणू नका, तसं होत नाही. तुकडा न काढता नुसतं बघून औषध दिलं तर मात्र आजार ओळखायचा राहून जातो.

कोलोनोस्कोपी: इथे घाई करू नका

तारीख ठरवतानाच घरचं पाणी बघा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, कोणत्या दिवशी येणार हे प्रत्येक गल्लीला ठाऊक असतं. औषध प्यायल्यावर दहा-पंधरा वेळा शौचाला जावं लागतं. पाणी येऊन गेल्याच्या दिवसाच्या आसपास तारीख घ्या, पिंप भरून ठेवा. सामाईक संडास असलेल्या वस्तीत राहत असाल तर त्या रात्री ज्यांच्या घरात स्वतंत्र संडास आहे अशा नातेवाइकांकडे झोपायला जा. आणि गावाहून येणार असाल, मंगळवेढा, अक्कलकोट, बार्शी कुठूनही, तर आदल्या दिवशीच सोलापुरात मुक्कामाला या. औषधाचा दुसरा हिस्सा पहाटे प्यायचा असतो. तो पिऊन एसटीत बसता येत नाही.

जमत असेल तर जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत तारीख घेऊ नका. हुरड्याचे दिवस असतात, पाहुणे असतात, तोंड आवरणं अवघड. एप्रिल-मेमध्ये असेल तर पाण्याकडे दुप्पट लक्ष द्या. आपल्याकडचा उन्हाळा आणि वरून जुलाब, यानं म्हातारं माणूस पटकन गळून पडतं.

तपासणीच्या तीन दिवस आधीपासून चोथा आणि बिया बंद. ‘लो रेसिड्यू’चा अर्थ आमच्या ताटात हा: ज्वारी-बाजरीची भाकरी नाही, कडक भाकरी नाही, शेंगा चटणी नाही, जवस-कारळाची चटणी नाही, तीळ नाही, खोबरं नाही. पालेभाजी, मेथी, अंबाडी नाही. वांगं, टोमॅटो, काकडी, भेंडी यांच्या बिया असतात, तेही नाही. मटकी, चवळी, हरभरा नाही. डाळिंब, पेरू, अंजीर, द्राक्षं नाहीत. डाळिंबाचं लोकांना वाईट वाटतं, घरच्या बागेतलं असतं. पण डाळिंबाचा एक दाणा नळीच्या तोंडाशी अडकला की पाणी ओढायची वाट बंद होते आणि सगळं थांबतं.

मग खायचं काय? मऊ पांढरा भात, मुगाच्या डाळीचं पातळ वरण, इडली, भाज्या न घातलेला रव्याचा उपमा, साल काढून उकडलेला बटाटा, दही, अंडं, खात असाल तर उकडलेलं चिकन किंवा मासा. मसाला कमी. लोहाची गोळी पाच ते सात दिवस आधी विचारून बंद करा, तिनं शौच काळी आणि चिकट होते आणि आतड्याला डांबरासारखी बसते.

आदल्या दिवशी सकाळी हलका नाष्टा, त्यानंतर फक्त पातळ. पातळ म्हणजे काय, याची खूण सांगते. काचेच्या पेल्यात ओता आणि पेला वर्तमानपत्रापुढे धरा. पलीकडची अक्षरं वाचता आली तर ते चालेल. गाळलेलं लिंबूपाणी, कोरा चहा, नारळपाणी, वरणाचं वरचं पाणी गाळून, ओआरएस हे चालतं. दूध, ताक, दुधाचा चहा, पेज नको. लाल, गुलाबी, जांभळं काहीही नको: कोकम सरबत, बीट, गुलाबाचं सरबत. आतड्यात तो रंग रक्तासारखा दिसतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर नारळपाणीही विचारूनच.

संध्याकाळी पावडर. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पुडी, बहुधा 2 लिटर पाण्यात मिसळायची. पाकिटावरचं माप बघा, पाणी कमी घालू नका. लोकांना वाटतं हे जुलाबाचं औषध आतड्याला ढवळून काढतं. तसं नाही. हा पदार्थ अंगात शोषला जात नाही, पाणी धरून ठेवतो आणि ते पाणी आतड्यातून वाहत बाहेर जातं. म्हणजे शौचातून जाणारं बरंचसं पाणी तुम्ही प्यायलेलंच असतं. म्हणूनच पाणी कमी केलं तर धुणं अर्धवट राहतं.

सकाळी 11 ची वेळ असेल तर आम्ही असं सांगतो. पहिला लिटर संध्याकाळी 6 ला सुरू करा. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक मोठा पेला. दुसरा लिटर पहाटे 5 ला, साडेसहापर्यंत संपवा, त्यानंतर तोंडात काही नाही. दोन हिस्से का? रात्रीच सगळं प्यायलं तर पहाटेपर्यंत लहान आतड्यातून पिवळा चिकट रस पुन्हा खाली उतरतो आणि उजव्या बाजूच्या आतड्याला लेप बसतो. पहाटेचा लिटर तो धुऊन नेतो. झोपमोड होते, मला मान्य आहे, पण सगळी तपासणी या पहाटेवर उभी असते.

चव खारट, तेलकट, नकोशी. माठात गार करा किंवा फ्रीजमध्ये ठेवा. स्ट्रॉनं प्या, म्हणजे जिभेवर कमी रेंगाळतं. मधेमधे लिंबाची फोड चोखा. पिता पिता बसून राहू नका, अंगणात, गच्चीत फेऱ्या मारा. मळमळलं किंवा उलटी झाली तर अर्धा तास थांबा आणि हळू सुरू करा. पोट दगडासारखं घट्ट झालं, जोरात दुखायला लागलं आणि शौचाला काहीच होत नसेल तर पिणं थांबवा आणि त्याच वेळी दवाखान्यात फोन करा. आतड्यात कुठे अडथळा असेल तर असं होतं. वारंवार जाऊन आग होते, म्हणून आधीच खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावा आणि कागदानं पुसण्यापेक्षा पाण्यानं धुवा.

हृदय कमजोर असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तयारीचं औषध स्वतः दुकानातून घेऊ नका. कमी पाण्यात घ्यायची जी फॉस्फेटची औषधं असतात, ती अशा माणसाचं मूत्रपिंड खराब करू शकतात.

तयारी झाली हे कसं ओळखायचं? घाणेरडं काम वाटेल, पण शेवटच्या वेळी भांड्यात बघाच. आधी तपकिरी, मग गढूळ, मग मातकट पिवळं, आणि शेवटी लघवीसारखं स्वच्छ पिवळसर पाणी, तळाला काही नाही. इथपर्यंत आलात म्हणजे झालं. अजून गढूळ असेल तर लपवू नका, आल्याबरोबर सांगा. थोडं औषध अजून देऊन किंवा एनिमानं सुधारता येतं. आम्ही आतड्याच्या उजव्या, मधल्या आणि डाव्या अशा तीन भागांना स्वच्छतेचे 0 ते 3 गुण देतो. एकूण 9. प्रत्येक भागाला निदान 2 हवेत. रिपोर्टवर ते लिहिलेलं असतं. एखाद्या भागाला 0 किंवा 1 असेल आणि खाली ‘नॉर्मल’ लिहिलं असेल, तर पुन्हा कधी करायची हे विचारल्याशिवाय उठू नका.

दुर्बिणीतून उपचारही होतात

गाठ दिसली तर तारेचा फास तिच्या देठाभोवती आवळून, विजेच्या उष्णतेनं ती कापतात. यकृताच्या आजारात अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटतात, त्यांना बारीक रबरी कडी बसवतात. एका खेपेत काम संपत नाही, काही आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा यावं लागतं. रक्ताची उलटी झाली किंवा डांबरासारखी काळी शौच झाली तर सकाळची वाट न बघता रात्रीच निघा.

पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली तर ईआरसीपी करतात. बाजूनं बघणारी वेगळी दुर्बीण आणि सोबत एक्स-रे. कधीकधी पित्त वाहावं म्हणून आत प्लास्टिकची नळी, म्हणजे स्टेंट ठेवतात. ही गोष्ट गाठीला बांधा: तो स्टेंट साधारण तीन महिन्यांत काढायचा किंवा बदलायचा असतो. बरं वाटायला लागलं की लोक विसरतात. एक शेतकरी दीड वर्षानं आला, थंडी वाजून 103 ताप, डोळे पिवळे. आतला स्टेंट गाळानं भरून बंद झाला होता. ‘आत नळी ठेवलीय’ हे त्याच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

कॅप्सूलची तपासणी लहान आतड्यासाठी. 26 मिलिमीटर लांब, 11 रुंद, आत कॅमेरा, पाण्याबरोबर गिळायची, कंबरेच्या पट्ट्यात फोटो साठतात. ती शौचातून बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करू नका. पूर्वी आतड्याचा टीबी झाला असेल किंवा जेवल्यावर पोट फुगून मुरडा येत असेल तर आधी सांगा. आतडं अरुंद असेल तर कॅप्सूल तिथेच अडकते.

लहान मुलानं घड्याळाची किंवा रिमोटची चपटी बॅटरी गिळली असं नुसतं वाटलं तरी केळं खाऊ घालून शौचाची वाट बघू नका. अन्ननलिकेत अडकलेली बॅटरी दोन तासांत आतून भाजायला लागते.

नळी धुतली का, हे विचारा

विचारायला लोक लाजतात. विचारा, मला राग येत नाही. नळी बाहेर आली की तिथेच पुसून आतून एंझाइमचं पाणी ओढून घ्यायचं, कारण वाळलं की चिकटतं. मग नळीत हवा भरून पाण्यात बुडवायची, बुडबुडा दिसला तर कुठंतरी भोक आहे, ती नळी बाजूला. नंतर आतल्या वाटेतून लांब ब्रश घालायचा. तोंडाच्या दुर्बिणीत ती वाट 2.8 मिलिमीटरची. ब्रश पलीकडून निघतो तेव्हा त्याचे केस बघायचे, मळके असतील तर पुन्हा, स्वच्छ येईपर्यंत. मग 2 टक्के ग्लुटारअल्डिहाइडमध्ये घड्याळ लावून 20 मिनिटं. त्याचा वास डोळ्यांत जातो, घरी गेल्यावरही ओढणीला येतो. द्रावणाची ताकद पट्टी बुडवून तपासायची. मग पाणी, अल्कोहोल, हवा, आणि कपाटात उभी टांगायची. पेटीत गुंडाळून ठेवली तर ओल राहते आणि जंतू वाढतात. हे सगळं व्हायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो. एकच दुर्बीण असलेल्या ठिकाणी दहा-दहा मिनिटांनी पेशंट आत जात असतील तर मधे काय धुतलं गेलं, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

घरी जाताना

सोबत जाणता माणूस हवाच. झोपेचं इंजेक्शन घेतलं असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवायची नाही, यंत्रमागाजवळ उभं राहायचं नाही, कागदावर सही करायची नाही. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत, तासभर तरी, पाणीसुद्धा नको. मग आधी एक घोट पाणी, ठसका नाही लागला तर मऊ भात. कोलोनोस्कोपीनंतर पोटात गॅस फिरतो. चालत राहा, वारा सोडायला लाजू नका.

पोटदुखी वाढत चालली, पोट कडक झालं, ताप आला, रक्त जास्त पडलं किंवा चक्कर आली तर त्याच दवाखान्यात परत या. नुसत्या तपासणीत आतड्याला भोक पडणं हजारात एखाद्याला होतं, गाठ काढली असेल तर धोका जरा जास्त. गाठ काढलेल्या जागेतून दहा-बारा दिवसांनीही रक्त येऊ शकतं, म्हणून दोन आठवडे लांबचा प्रवास टाळा.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना बघा. 2012 साली ती दुसऱ्या नावानं सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं. तुमचा उपचार त्यात बसतो का, हे तारीख घेण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा.

आणि फाइल जपा. दुर्बिणीचा रंगीत फोटोंचा रिपोर्ट वेगळा, तुकड्याच्या तपासणीचा रिपोर्ट वेगळा. दुसरा काही दिवसांनी मिळतो आणि निम्मे लोक तो न्यायला येतच नाहीत. आमच्या कपाटात असे बंद लिफाफे पडलेले असतात, मी फोन करत राहते. गाठ सापडली असेल तर पुढची तपासणी किती वर्षांनी, हे लिहून घ्या. अण्णांना पहिल्यांदा तीन वर्षांनी बोलावलं होतं, त्या वेळी अजून दोन बारीक गाठी निघाल्या. तेव्हापासून ते नेमानं येतात, आता 73 वर्षांचे आहेत. पुढची तारीख फेब्रुवारीतली. आईनं ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेननं गोल करून ठेवलीय आणि तीन चौकोन अलीकडे तिच्याच अक्षरात लिहिलंय: ‘आजपासून चटणी बंद.’